वाणाचं बी

मंजुषानं दुधीची चकती तोंडात टाकली आणि तिथल्या तिथं, ओट्यावरच थुंकली.

कारलं कडू असतं, कडुलिंबाचा पाला कडू असतो, पण हे कडू काही वेगळंच होतं. ते जिभेवर थांबलंच नाही, थेट घशाच्या आत जाऊन चिकटलं. तिनं चूळ भरली, गुळाचा खडा चघळला, पुन्हा चूळ भरली. कडूपणा हटायला तयार नाही. ओट्यावर अर्धा चिरलेला दुधी पडला होता, कोवळा, हिरवागार, नख लावलं तर पाणी सुटावं असा. परसातल्या वेलाचं हे पहिलंच फळ. मोठ्या कौतुकानं तिनं ते नवऱ्याच्या डब्याला चिरायला घेतलं होतं.

आणि मग तिला एक बातमी आठवली. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेली, रक्ताच्या उलट्या झाल्या, काही दगावली, असं तिनं कधीतरी पेपरात वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं. घड्याळात सहाला दहा कमी होते.

एक कडू दुधी निघाला तर उकिरड्यावर फेकावा आणि बटाट्याची भाजी करावी, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? पण मंजुषा कोण हे माहीत असल्याशिवाय ते कळायचं नाही.

हिंगोलीच्या बाहेर शेतं मोडून जे नवे प्लॉट पडले, त्यातल्या एका कॉलनीत तिचं घर. चाळीसेक घरं, प्रत्येकाच्या मागंपुढं चार हात माती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता. या चाळीस घरांची अर्थमंत्री आणि कृषिमंत्री, दोन्ही खाती मंजुषाकडंच. कुणी तिला निवडून दिलं नव्हतं, पण तिच्या सल्ल्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं एवढं खरं. दर रविवारी मोबाईलच्या ग्रुपवर तिचा निरोप पडायचा: घरपट्टी मुदतीच्या आत भरा, सूट मिळते. बोनसचे पैसे सोफ्यात घालू नका, वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरा, कर्ज दोन-तीन वर्षं आधी फिटतं. फाल्गुन लागला की गवार-भेंडी टोचा, भोपळ्याचे वेल गच्चीवर चढवा, धुण्याभांड्याचं पाणी आळ्यात सोडा, महिन्याला भाजीचे आठशे रुपये वाचतात. बायका हसायच्या, "मंजुषाताईच्या हाती लागलं तर पाण्यातूनबी लोणी काढंल," म्हणायच्या, आणि गुपचूप तसंच करायच्या.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिनं कमालच केली. बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या लुटत होत्या. मंजुषानं वाण म्हणून कागदाच्या पुड्या लुटल्या. प्रत्येक पुडीत दुधीच्या पाच बिया, तिच्या माहेरच्या, हट्टा गावच्या. "बियांचं वाण कुठं असतंय व्हय?" म्हणून दोघीतिघींनी नाकं मुरडली, पण बी सगळ्यांनी लावलं. अकरा घरी ते बी गेलं.

बारावी पुडी तिनं भिंतीवरून शेजारच्या भिवाजीकाकांना दिली होती. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचं घर बौद्धांचं, त्यांच्यात हळदीकुंकू नसतं, म्हणून ती हसत म्हणाली होती, "काका, वाण न्हाई हं हे, नुसतं बी हाये." आणि ग्रुपवरही लिहिलेला शहाणपणा वर जोडला होता, "रोज सकाळी दुधीचा रस घेत जा. बीपी बराबर राहतंय आन् गोळ्यांचा खर्चबी कमी व्हतो."

काकांनी तो शब्द नियम म्हणून पाळला. दोन महिने बाजारच्या दुधीचा रस चालू होता. सकाळी साडेपाचला फिरायला, साडेसहाला परत, आल्याबरोबर मोठा पेला रस. आणि कालच संध्याकाळी काका भिंतीवरून वेल दाखवत म्हणाले होते, "उद्या बाजारचा बंद. उद्यापासून घरचा!"

आता समजलं ना, बाई का गारठली ते?

पहिला फोन तिनं हट्ट्याला, भावाला लावला. दगडोबा गोठ्यात होता.

"दादा, मी दुधीचं बी नेलं, तो वेल कुठं व्हता?"

"कुंपणावर. काहून?"

"शेजारी दुसरं काय व्हतं?"

"काय नव्हतं. तो कडू भोपळा व्हता तेवढा. लेकरायला पोहायला शिकवायचंय न्हवं का, वाळवून पाठीला बांधायला लावला व्हता."

मंजुषानं डोळे मिटले. पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, तो कडूच असतो, त्याला कुणी खात नाही. आणि एकाच कुंपणावर दोन्ही वेल फुललेले. मधमाश्यांना काय, या फुलावरून त्या फुलावर. गेल्या साली त्या वेलाची फळं गोडच होती, तिनं स्वतः खाल्ली होती. कडूपणा उतरला होता तो आतल्या बियांत. आणि ते बी हिनं बारा घरी वाटलं होतं.

तिनं काकांना फोन लावला. रिंग जात राहिली. काका फिरायला जाताना मोबाईल घरीच ठेवायचे आणि त्यांची बायको कमलमावशी त्या यंत्राला हात लावत नसे. साडेसहाला वेळ आहे, मंजुषानं मनाशी म्हटलं. अजून अर्धा तास आहे.

त्या अर्ध्या तासाचं काय झालं ते ऐका.

नवरा उठून आला. विजयकुमार कॉलेजात क्लार्क, स्वभावानं गरीब, पण वाघाला भ्यावं तसा कायद्याला भिणारा. त्यानं सगळं ऐकलं आणि आधी खिडकी लावून घेतली.

"कुणाला काही बोलू नकोस."

"अवं पण विषारी हाये ते!"

"तेच म्हणून राहिलो ना मी! उद्या कुणाला काही झालं तर बी कुणी दिलं? तू. रस प्या कुणी लिहिलं? तू. ग्रुपवर लेखी पुरावा हाये, मंजुषा. पोलीस केस होईल. माझी नोकरी जाईल. घराचा हप्ता काय तुझा भाऊ भरील?"

"मी भिंतीवरून मावशीला हाक तर मारते."

"आन् काय सांगशील? 'मी तुम्हाला जहर दिलं' म्हणून? थोडं डोकं चालव. ग्रुपवर टाक, वेलाला कीड पडली म्हणून. लोक आपोआप खाणार न्हाईत."

आणि भीतीनं माणसाची अक्कल कशी गहाण पडते बघा, एवढी शहाणीसुरती बाई, पण तिला ते पटलं. तिनं लिहिलं, "वाणाच्या दुधीला यंदा कीड आहे." खोडलं. "कृपया काही दिवस फळ तोडू नये." खोडलं. कीड म्हटल्यावर कुणी विचारील औषध कोणतं मारू, मग काय सांगायचं? पुन्हा लिहिलं. अक्षरं भलतीच पडत होती. शेवटी निरोप गेला तेव्हा सातला दहा कमी होते.

तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून नुसतं "आई गं" निघालं. तशीच अनवाणी ती मागच्या दारानं भिंतीकडं पळाली.

शेजारच्या ओट्यावर भिवाजीकाका दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. समोर नळापाशी त्यांनी ओकलेलं पडलं होतं. चेहरा राखेसारखा, कपाळावरून घामाच्या धारा. कमलमावशी त्यांची पाठ चोळत होती.

"मंजुषा, धाव गं! यायला काय व्हऊन राहिलं बघ! यायच्या बापालाबी असाच घाम सुटला व्हता, आन् गेले बघ घडीभरात!"

आता सांग, मंजुषाच्या मनानं तिला म्हटलं. तिनं तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "चला, दवाखान्यात चला."

विजयकुमारनं गाडी काढली. माणूस वाईट नव्हता तो, नुसता घाबरट होता. काकांना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं मावशीच्या मांडीवर. वाटेत काकांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्या उलटीत लाल काहीतरी दिसलं. मंजुषा पुढं बसून रस्त्याकडं बघत होती, पण रस्ता तिला दिसत नव्हता. घशात सकाळचा कडूपणा तसाच होता. एका थुंकलेल्या चकतीनं एवढं, मग पेलाभर रसानं काय होत असेल, एवढा एकच विचार डोक्यात गरागरा फिरत होता.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरणीताठी होती, हाताला चपळ. नाडी बघितली, बीपी बघितलं, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टीवर तिला काहीतरी खटकलं. घाम, कमी झालेलं बीपी, पोटाच्या वरच्या अंगाला कळ, वय अडुसष्ट, बाप हार्ट अटॅकनं गेलेला. सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं.

"हार्टचं वाटतंय. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू करावं लागेल. सकाळपासून काय खाल्लं यांनी?"

"काहीच न्हाई, बाई. नुसता दुधीचा रस घेतला."

दुधीच्या रसानं कुणाला काय होतं? डॉक्टरणीनं मान हलवली आणि नर्सला खूण केली. नर्स गोळ्या आणायला वळली.

मंजुषा दाराशी उभी होती. रक्त पातळ करायचं औषध. आणि गाडीत पाहिलेलं ते लाल. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होईल ते कळायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. विजयकुमारनं तिचं कोपर घट्ट दाबलं. पण तिला वाटलं, आता नाही बोलले तर काकांचा जीव मी दोनदा घेतला.

"थांबा!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की नर्स जागीच थबकली. "त्या गोळ्या देऊ नका. तो दुधी कडू हाये, डॉक्टर. विषारी. बी मीच दिलं होतं. उलटीत रक्त पडलंय, मी पाहिलंय. मला सकाळीच कळलं होतं."

 डॉक्टरीण झटकन मावशीकडं वळली.

"रस कडू होता?"

"व्हय," मावशी म्हणाली. "हे म्हणले, लई कडू लागून राहिला. मीच म्हणलं, मंजुषाच्या हातचं बी हाये, खराब कसं राहील? औषध हाये, कडू लागनंच. मीठ टाकून दिलं यायला."

"किती प्याले?"

"पेलाभर... अर्धा जास्त."

"घरात दुसरं कोणी प्यालं?"

मावशीनं मंजुषाकडं पाहिलं. क्षणभरच.

"न्हाई, बाई. दुसरं कुणी न्हाई."

डॉक्टरणीनं गोळ्या परत पाठवल्या. सलाईनच्या दोन बाटल्या एकदम लावल्या, पोटातला रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं दिली. "याला उतारा नसतो," ती जाता जाता म्हणाली. "वेळेवर कळलं तर बीपी धरून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. पुढचे काही तास बघू."

बाहेरच्या बाकड्यावर मंजुषानं मावशीला सगळं सांगितलं. हट्ट्याचं कुंपण, पोरांचा भोपळा, सहाला दहा कमी असताना थुंकलेली चकती. आणि तो अर्धा तासही सांगितला, काही न लपवता. "मी भिंतीवरून नुसती हाक मारली असती ना मावशी, तर काकांनी पेलाच उचलला नसता. मी भिले. केस होईल म्हणून भिले. नाव जाईल म्हणून भिले." 

मावशीचा हात वर आला. आता ही थोबाडीत मारणार, मंजुषाला वाटलं. मारावी असंच तिला वाटत होतं. पण मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गप. यायला काय व्हत न्हाई. एसटीचं इंजिन हाये ते."

हात ओलाचिंब आणि थंड होता. नवरा आत पडलाय, हात गार पडणारच, मंजुषानं समजून घेतलं. किती सोपं असतं असं समजून घेणं!

मग तिनं मोबाईल काढला आणि खरा निरोप लिहिला. या वेळी एकदाही खोडला नाही. 'वाणात दिलेलं दुधीचं बी कडू निघालंय. तो दुधी विषारी आहे. कुणी खाल्ला असेल तर लगेच दवाखान्यात जा, डॉक्टरला हेच सांगा. सगळे वेल आजच उपटा. इथून पुढं कुठलाही दुधी चिरताना आधी चकती चाखून थुंका, कडू लागला तर फेकून द्या. सकाळी कीड लिहिलं ते खोटं होतं. चूक माझी आहे.' एकेक घरातून उत्तर येत गेलं. कुणी अजून तोडलाच नव्हता, कुणी तोडून फ्रिजमध्ये ठेवला होता. एकीनं लिहिलं, 'वा ताई, छान वाण दिलंत.' मंजुषानं ते वाचलं आणि पुढं गेली. अकराही घरांचं उत्तर आलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

पुण्याहून काकांच्या मुलाचा, धम्मदीपचा फोन मंजुषाच्या मोबाईलवर आला, तिनं तो मावशीच्या कानाला लावला. मावशी त्याच्याशी नीट बोलली. "सलाईन लावली हाये. तू सावकाश ये, गाडी जोरात चालवू नको. मला काय धाड भरली? मी बरी हाये." बोलणं झाल्यावर ती पोटावर पदर दाबत उठली. "जरा मोरीकडं जाऊन येते."

"मावशी, आत्ताच तर जाऊन आलात."

"म्हातारं माणूस हाये बाई, जागरणानं पोट बिघडलं."

कसलं जागरण? हे सगळं तर सकाळीच घडलं होतं, रात्री कुणी जागलंच नव्हतं. पण मंजुषाच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली होती. काकांनी डोळे उघडले होते. बीपी वर चढू लागलं होतं. मंजुषा पळतच आत गेली, पायाशी उभी राहिली, आणि तिला रडू फुटलं.

काकांचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

"कमल कुठं हाये?"

"बाहेर हायेत काका. बऱ्या हायेत."

"तिला बघा." काकांनी धाप लागत एकेक शब्द बाहेर काढला. "तिनं बी पेला. मी अर्ध्यावर ठेवला व्हता. म्हणली, इतकं काय कडू हाये, बघा, मी पेते. उरलेला सगळा पेली ती. मग मी बी पुन्हा भरून घेतला."

मंजुषानं ते ऐकलं. ती बाहेर पळाली. बाकडं रिकामं होतं. व्हरांड्याच्या टोकाला मोरीचं दार आतून लावलेलं होतं.

"मावशी! मावशी, दार उघडा!"

आतून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं, लाथा घातल्या, विजयकुमारला हाका मारल्या. तो घाबरट माणूस धावत आला आणि खांद्यानं त्यानं एका दणक्यात कडी तोडली. कमलमावशी भिंतीला टेकून खाली घसरलेली होती. डोळे अर्धे उघडे. लुगड्यावर रक्त. मंजुषानं तिचं मनगट धरलं, नाडी शोधली, सापडेना. पुन्हा शोधली. "न्हाई लागत, डॉक्टर, न्हाई लागत," एवढंच ती ओरडत राहिली.

त्यापुढचे दोन तास तिला धड आठवत नाहीत. पडद्याआड माणसांची धावपळ, बाटल्यांवर बाटल्या, "बीपी लागत नाही, दुसरी शीर बघा," असे शब्द. ती जमिनीवर बसून होती. तिला वाटत होतं की आपण उठलो, पाणी प्यालो, नुसते हललो तरी आत काहीतरी तुटेल. एकदा डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "यांनी दोन तास आधी का नाही सांगितलं? मी विचारलं होतं." 

दुपारी मावशीनं डोळे उघडले. काकांच्या शेजारचीच खाट दिली होती. डॉक्टरणीनं बजावलं होतं, रात्र निघाल्याशिवाय काही खरं नाही. उशाच्या मशीनवर बीपीचा आकडा चौऱ्याऐंशी दिसत होता. मंजुषा स्टूल ओढून बसली आणि मनात दाबून ठेवलेलं तिच्या तोंडातून रागानंच बाहेर पडलं.

"मावशी, डॉक्टरनं सरळ इचारलं व्हतं. न्हाई काहून म्हणलात? जीव गेला असता तुमचा!"

मावशीनं डोळे तिच्याकडं वळवले. ओठ कोरडे पडले होते.

"सांगनारच व्हते. मग तुझ्याकडं पाहिलं. तुझे व्हट पांढरेफटक पडले व्हते, पोरी. म्हणलं, एकाचंच भेव झेपंना हिला, दोघायचं कुठून झेपंल? जरा येळानं सांगू, म्हणलं."

मंजुषानं तोंडात पदर कोंबला. शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या पोटभर खाल्ल्या असत्या. ही माया तिला गिळवेना. सुई टोचलेला तो गार हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मशीनकडं बघत बसली. आकडा चौऱ्याऐंशीचा शहाऐंशी झाला. मग ब्याऐंशी. मग एकोणऐंशी. आकडा खाली आला की तिच्या हातांची पकड आपोआप आवळायची, आणि मिटल्या डोळ्यांनीच मावशी म्हणायची, "अगं, हाये मी."